दुसरे घर कोठे घ्यावे?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. ते भाड्याने देऊनही पाहावे, ही पुस्ती मात्र अलीकडची. प्रॉव्हिडंट फंड हाती येण्याचे दिवस जवळ आले, की आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर एक प्रश्न हमखास निघतो, “प्रोफेसर, तुम्ही वसईकडचे. तिकडे एखादा ब्लॉक घेऊन भाड्याने द्यावा म्हणतो. कसे काय?” मी शिकवतो मराठी, पण भुईगावात राहतो, म्हणून या विषयातला जाणकार ठरलो आहे!

पूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे. 1947च्या कायद्याने मुंबईतली भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाला डागडुजीही परवडेना. मग भाड्यासाठी घर बांधणार कोण? पागडी फोफावली ती त्यातूनच. 31 मार्च 2000 पासून नवा भाडे नियंत्रण कायदा आला, ‘लीव्ह अँड लायसेन्स’चा करार रुळला, आणि मध्यमवर्गीय माणूसही मालक होण्याची स्वप्ने पाहू लागला.

असो. जागा निवडताना पहिला नियम हा, की आपल्या डोळ्यांनी नव्हे, भाडेकरूच्या पायांनी पाहावे. भुईगावला आलेला पाहुणा केळीच्या बागा, सुरूचे बन आणि समुद्र पाहून हरखतो. पण भाडेकरूचे आयुष्य लोकलच्या घड्याळावर चालते. विरारपर्यंत विजेची गाडी 1936 साली आली आणि तेव्हापासून या भागात वस्ती रुळांच्या कडेने वाढली. भुईगावाहून आधी बस किंवा रिक्षा, मग स्टेशन, मग चर्चगेटपर्यंतचे पन्नासएक किलोमीटर. हा द्राविडी प्राणायाम रोज कोण करील? शिवाय इथली पुष्कळशी जमीन शेतीची, किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध. तेव्हा राहायला भुईगाव. भाड्यासाठी स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटांचा टापू.

दुसरा नियम : घर पावसाळ्यात पाहावे. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या. दिवाळीत कोरडी ठणठणीत दिसणारी गल्ली जुलैत कशी असते, ते कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे. नळाला पाणी किती वेळ येते, टँकर किती लागतात, हेही तोच खरे सांगतो.

तिसरा नियम हिशेबाचा. समजा, चाळीस लाखांचा ब्लॉक आणि दहा हजार भाडे. वर्षाचे झाले 1,20,000. म्हणजे तीन टक्के. त्यातून सोसायटीचे 24,000, घरपट्टीचे 6,000 आणि एक महिना जागा रिकामी राहिली तर 10,000 वजा करा. उरले 80,000, म्हणजे दोन टक्के! बँकेतली मुदत ठेव याहून अधिक देते. किंमत वाढेल या आशेवरच उरलेले गणित सुटते, आणि आशा पासबुकात जमा होत नाही.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा, तो कागदपत्रांचा. नालासोपारा पूर्वेला राखीव भूखंडांवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशाने 2024-25च्या हिवाळ्यात पाडल्या गेल्या. आत राहणाऱ्यांनी पैसे मोजूनच घरे घेतली होती. 26 ऑगस्ट 2025च्या रात्री विरारला एक अनधिकृत इमारत कोसळली आणि 17 माणसे गेली. स्वस्त ब्लॉकची खरी किंमत कधी कधी अशी चुकवावी लागते. म्हणून सातबारा, बिगरशेती परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज बयाणा देऊ नये. ज्या छपराखाली आपल्या मुलीला राहू देणार नाही, त्याखाली दुसऱ्याचा संसार मांडून भाडे घेणे हे पाप आहे.

करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. न केल्यास अटींबाबत भाडेकरूचा शब्द ग्राह्य धरला जातो, शिवाय शिक्षेची तरतूद आहे.

इतके सांगितल्यावर सहकारी विचारतात, “मग घ्यावे की नाही?” मी म्हणतो, आधी स्वतःच्या म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद बाजूला काढा. त्यानंतर पैसा उरला, तर स्टेशनजवळ, कागदपत्रे चोख असलेले लहान घर खुशाल घ्या. नाही उरला, तर मुदत ठेव बरी; ती पावसात गळत नाही.