दहा टक्क्यांची सूट आणि प्रबंधातले इतर गैरसमज

लघुप्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की वसतिगृहात एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते.’

चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018ची नियमावली मजकुरातल्या साम्याचे टप्पे पाडते. 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांत सुधारित प्रत द्यावी लागते, तीही जास्तीत जास्त सहा महिन्यांत. 40 ते 60 टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही आणि 60च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, इतकेच काय, योगायोगाने सलग जुळलेले चौदापर्यंत शब्दही या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे ही सवलत अपघाती साम्याला आहे, उचलेगिरीला नव्हे. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला शब्द जुळलेले दिसतात, विचार उचललेला दिसत नाही. एखाद्या समीक्षकाचा युक्तिवाद आपल्या शब्दांत मांडला आणि त्याचे नावच दिले नाही, तर अहवालात शून्य टक्के येऊनही ते वाङ्मयचौर्यच ठरते.

संदर्भ द्यायचा ठरला की दुसरा गैरसमज पुढे येतो : एपीए, एमएलए, हार्वर्ड या संदर्भशैली म्हणजे स्वल्पविरामांचे खेळ. खरे तर प्रत्येक शैलीमागे त्या त्या विषयाची गरज आहे. एपीएचा उगम 1929मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मधल्या सात पानी सूचनांत आहे. मानसशास्त्रात निष्कर्ष जुने होतात, म्हणून लेखकाच्या नावाला लागून वर्ष. साहित्याच्या अभ्यासकाला नेमकी ओळ पाहायची असते, म्हणून एमएलएच्या कंसात वर्ष नाहीच, पृष्ठक्रमांक आहे. हार्वर्डची गंमत वेगळी. कंसात लेखक आणि वर्ष देण्याची ही पद्धत हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या 1881च्या निबंधापर्यंत मागे नेतात, पण तिची सर्वमान्य अशी एकच अधिकृत पुस्तिका नाही. त्यामुळे दोन महाविद्यालयांची ‘हार्वर्ड’ जुळली नाही तर त्यात नवल नाही. आपल्या विभागाचा नमुना मागून घ्यावा.

मराठी पुस्तकांपाशी काही पेच खास आपले आहेत. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911चे. हाताशी असते ती बहुधा कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी संपादित केलेली 1970ची आवृत्ती. एपीएत ही दोन्ही वर्षे येतात : (दामले, 1911/1970). नुसते 1970 लिहिले तर दामले जवळजवळ साठ वर्षे पुढे सरकतात. टोपणनावाचेही तसेच. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या, माणूस एक असला तरी पुस्तकावर छापलेले नाव सूचीत जाते.

अवतरणातले शुद्धलेखन सुधारावे की नाही, यावर तर मार्गदर्शकांतही जुंपते. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत (1962चे चौदा आणि 1972मध्ये वाढवलेले चार) याचे थेट उत्तर आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतपूर्व पद्य मुळाबरहुकूम छापायचे. त्यानंतरचे लेखन आजच्या नियमांनुसार. ज्या अभ्यासाचा विषयच लेखनपद्धती आहे, तिथे मात्र मूळ रूप जपण्याला पर्याय नाही. हे अठरा नियम लेखनाचे आहेत, व्याकरणाचे नव्हेत. ‘मंत्री’ दीर्घ आणि ‘मंत्रिमंडळ’ ऱ्हस्व हे त्यांतून कळते. वाक्याचा प्रयोग कोणता, हे नाही.

प्रयोगावरून आठवले. ‘कर्मणी टाळा, वाक्य जिवंत होईल’ हा सल्ला इंग्रजीच्या वर्गातून आलेला आहे. ‘मी वीस मुलाखती घेतल्या’ हे मराठीत कर्मणीच, कारण क्रियापद मुलाखतींप्रमाणे चालते. कर्ता मात्र ठसठशीत समोर उभा आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाते ते ‘माझ्याकडून मुलाखती घेतल्या गेल्या’. टाळायचे तर ते. आणि ‘मी’ लिहिणे अशास्त्रीय असते, हाही भ्रमच. स्वतः केलेले काम सांगताना एपीएची पुस्तिका प्रथमपुरुषच सुचवते. ‘प्रस्तुत संशोधकाने’ची झूल तिथे कोणी मागितलेली नाही.

विश्लेषणात सर्वांत महाग पडते ते लेखक आणि निवेदक यांची गल्लत. नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963मध्ये आली, तिच्यात ‘मी’ म्हणून बोलतो तो पांडुरंग सांगवीकर. त्याचे वाक्य उचलून ‘नेमाडे म्हणतात’ असे लिहिले की पांडुरंगचा तिरकसपणा, त्याची बढाई, त्याची चूक हे सगळे लेखकाचे मत होऊन बसते. मग तपासण्यासारखे उरते फक्त कथानक, आणि चाळीस पानांचे प्रकरण सारांशाने भरते. ‘विश्लेषण करा’ या प्रश्नाला मात्र हवे असते ते दुसरेच : पांडुरंगचे हे बोलणे कादंबरी खरे मानते, की त्याच्यावर हसते, आणि हे कोणत्या पानावरून कळते.