सिस्टर संगणकावर काय लिहितात?

गेल्या महिन्यात एका नातेवाइकाला भेटायला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेले होते. शेजारच्या खाटेवरील आजींचा मुलगा वैतागून म्हणाला, "पूर्वी सिस्टर पेशंटजवळ थांबायच्या. आता बघावं तेव्हा कॉम्प्युटरपुढे. हे नर्सिंगचं काम की कारकुनाचं?" मी तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचा राग मला समजला. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देण्यासारखे नाही. म्हणून आज त्याविषयीच लिहीत आहे.

सिस्टर तिथे जे करतात त्यामागे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला नर्सिंग इन्फर्मेटिक्स म्हणतात. मराठीत आपण परिचर्या माहितीशास्त्र म्हणू. रुग्णाची शुश्रूषा करताना जी माहिती हाती येते ती कशी गोळा करावी, कशी लिहावी, कशी जपावी आणि वेळेवर योग्य माणसापुढे कशी ठेवावी, याचा विचार हे शास्त्र करते. अमेरिकेत १९८९ साली ज्युडिथ ग्रेव्ह्ज आणि शीला कॉर्कोरन यांनी त्याची मांडणी करताना परिचर्याशास्त्र, माहितीशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्हींचा मेळ त्यात सांगितला. तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने १९९२ साली परिचर्येची एक खास शाखा म्हणून त्याला मान्यता दिली.

नाइटिंगेलबाईंचा वारसा

संगणक नवा असला तरी विचार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेतलेली मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. त्यांच्या दुसऱ्या हातात नोंदवही होती, हे फारसे कोणी सांगत नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा तिथल्या मृत्यूंच्या नोंदींचा एकमेकींशी मेळ नव्हता. त्यांनी आकडे जमवले, पडताळले आणि १८५८ साली त्यांची रंगीत चक्राकृती प्रसिद्ध केली. शत्रूच्या गोळीपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनीच जास्त सैनिक मेले, हे त्या चित्रावरून एका नजरेत कळत होते. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

एका रात्रीची गोष्ट

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. वॉर्ड भरलेला, नाइट ड्यूटीला मी एकटी. पोटाचे ऑपरेशन होऊन तिसरा दिवस असलेला एक शेतकरी होता. रात्री नऊला त्याची नाडी १०४ होती, ताप १०१, वरचा रक्तदाब १०८. श्वास मी मोजला नाही. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभे राहावे लागते आणि तिकडे दोन सलाइन संपत आल्या होत्या. सगळेच लिहितात तसे मी '२०' लिहिले. त्याची बायको म्हणत होती, "सिस्टर, यांना धाप लागल्यासारखं वाटतंय." मी "बघते हं" म्हटले आणि पुढच्या खाटेकडे गेले. नाडी आणि ताप एका तक्त्यावर, रक्तदाब केसपेपरवर, लघवीचे माप तिसऱ्याच कागदावर. ते सगळे एकत्र कोणीच पाहिले नाही. पहाटे चारला तो घामाने थबथबला, डॉक्टरांना बोलावले, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. श्वास मोजला असता तर तो वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टर पहाटे चारऐवजी रात्री नऊला आले असते.

नोंद, माहिती, ज्ञान, शहाणपण

या शास्त्रात चार पायऱ्या सांगतात. 'नाडी १०४' ही नुसती नोंद. काल ८४ होती, आज १०४ झाली, हे शेजारी ठेवून पाहिले की ती माहिती झाली. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी ताप, वाढती नाडी, वाढता श्वास आणि उतरता रक्तदाब एकत्र आले तर जंतुसंसर्ग शरीरभर पसरत असेल, हे ओळखणे म्हणजे ज्ञान. आणि आत्ताच्या आत्ता कोणाला उठवायचे, आधी काय करायचे, घरच्यांना कसे सांगायचे, हे शहाणपण. संगणक पहिल्या दोन पायऱ्यांवर फार मदत करतो, तिसरीवर थोडी. चौथी पायरी माणसाचीच.

ही मदत कशी होते ते पाहू. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धती ठरवली आणि २०१७ साली ती सुधारली. श्वास, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन. बेरीज ५ किंवा अधिक झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहावे, ७ किंवा अधिक झाली तर अतितातडी. सोळा वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना हे मोजमाप लागू नाही.

माझ्या त्या रुग्णाचे गुण मी पुढे कितीदा तरी मांडून पाहिले. नाडी १०४ चा एक, ताप १०१ चा एक, रक्तदाब १०८ चा एक, एकूण तीन. श्वास २० असेल तर शून्य. पण तो खरोखर २२ असेल तर दोन, आणि बेरीज पाच! ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हते, पण त्याविनाही डॉक्टरांना बोलावण्याइतके गुण झाले असते. यातला एकही आकडा सुटा पाहिला तर घाबरण्यासारखा वाटत नाही. आजचा संगणक ही बेरीज क्षणात करून लाल खूण दाखवतो. पण मी '२०' लिहिले असते, तर त्यानेही तीनच दाखवले असते. न मोजलेला श्वास संगणकाला मोजता येत नाही.

सर्वांची भाषा एक हवी

आमच्या रिपोर्ट बुकात एक सिस्टर लिहायची 'पेशंट ठीक', दुसरी 'समाधानकारक', तिसरी 'तक्रार नाही'. तिघींचा अर्थ एकच की वेगळा, हे सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या बाईंना कसे कळावे? म्हणून परिचारिकांनी एकाच अर्थाचे ठरावीक शब्द वापरावेत, अशी खटपट अमेरिकेत १९७३ पासून सुरू झाली. पुढे प्रत्येक रुग्णाची किमान कोणती माहिती टिपलीच पाहिजे याची यादी हॅरिएट वर्ली यांनी सहकाऱ्यांसह तयार केली. नोंदी एकसारख्या असतील तरच दोन वॉर्डांची, दोन रुग्णालयांची तुलना करता येते.

कोणाचे काम काय?

खाटेजवळच्या सिस्टरचे काम पहिले: स्वतः मोजणे, लगेच लिहिणे, दुसऱ्याच्या नावाने न लिहिणे. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पाहायच्या असतात. काही रुग्णालयांत मनगटपट्टीवरच्या आणि औषधावरच्या रेघोट्या यंत्राने वाचून हे पडताळतात.

दुसरी असते माहितीशास्त्र शिकलेली परिचारिका. ती वॉर्ड आणि संगणक तज्ज्ञ यांच्यामधला दुवा. समजा, संगणकवाल्यांनी सिस्टरांची सोय म्हणून श्वासाच्या चौकटीत आधीच '१८' भरून ठेवले. त्यांना ते सोयीचे वाटेल. ही बाई मात्र म्हणेल, "ती चौकट कोरीच ठेवा. भरलेली दिसली तर कोणी मोजणार नाही." इतर सिस्टरांना शिकवणे, यंत्राचे नको तेवढे इशारे कमी करणे (सारखी घंटा वाजली की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही), वीज गेली तर कागदावर कसे लिहायचे ते ठरवून ठेवणे, हेही तिच्याकडे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हा विषय ठेवला आहे.

तिसरी आपल्या गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई. गरोदर मातांच्या आणि बाळांच्या लसीकरणाच्या नोंदी टॅबलेटवर भरण्यासाठी 'अनमोल' नावाची सोय २०१६ साली सुरू झाली. कोणत्या बाळाचा डोस राहिला ते रजिस्टरे न चाळता कळावे, हा तिचा हेतू. पण तीच नोंद वहीतही आणि टॅबलेटवरही करावी लागली, तर तिचे काम दुप्पट होते. म्हणून यंत्र आणताना हातातले कोणते काम कमी होणार, हे आधी विचारले पाहिजे.

गुपित राखणे

छोट्या गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. कोणाला कोणता आजार, कोणाचा गर्भपात झाला, हे ज्याला उपचारासाठी हवे त्यालाच दिसले पाहिजे. एका सिस्टरचा पासवर्ड सगळ्या वॉर्डाने वापरणे म्हणजे कपाटाची किल्ली दारात टांगण्यासारखे आहे. २०२१ पासून देशभर चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक आहे, आणि आपली कागदपत्रे कोणाला दाखवायची याची संमती आपली आपण द्यायची असते.

आपण काय करावे?

रुग्णालयात जाताना जुने केसपेपर आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते पहिल्याच भेटीत सांगा आणि ते लिहून घेतले का, विचारा. औषध देण्याआधी सिस्टरने पुन्हा नाव विचारले तर "किती वेळा सांगायचं?" असे म्हणू नका. तो विसराळूपणा नाही, खबरदारी आहे. आणि आपल्या माणसात काही बदल वाटला, धाप, गुंगी, असंबद्ध बोलणे, तर सिस्टरला सांगा. त्यांनी "बघते हं" म्हटले तर नम्रपणे म्हणा, "आत्ता मोजून बघता का, आणि तेवढं लिहून ठेवा."

त्या रात्री त्या माउलीने मला इतके म्हटले असते तर मी थांबले असते. पण ते म्हणण्याची जबाबदारी तिची नव्हती. मोजण्याची जबाबदारी माझी होती.