भेग किती रुंद, यापेक्षा ती वाढते किती

भिंतीला भेग पडली की आपण आधी तिची रुंदी बघतो. इंजिनिअर विचारतो, ‘वाढतेय का?’ ते कळायचा जुना उपाय जवळजवळ फुकट आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं पक्की चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली, म्हणजे भिंत अजून हलते आहे. काळ्या मातीवरच्या घरात मात्र निकालाची घाई नको. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाही तिच्याबरोबर मिटतात-उघडतात. तिथे वर्षभराची नोंद हवी.

पण अख्खं गावच खचायला लागलं तर? उत्तराखंडातल्या जोशीमठचं तसंच झालं. इस्रोच्या हैदराबादमधल्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहांच्या नोंदी पडताळल्या. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या सात महिन्यांत जमीन ८.९ सेंटीमीटर खचली होती. पुढे २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बाराच दिवसांत ५.४ सेंटीमीटर! भागाकार करून पाहा, रोजचा वेग दहापटीच्या घरात गेला होता.

सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून सेंटीमीटर मोजायचे कसे? सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारलहरीची लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. लहर जमिनीवर जाऊन परत येते, त्यामुळे जमीन २.८ सेंटीमीटर लांब गेली की परतीची लहर एका पूर्ण आवर्तनाने मागे पडते. दोन फेऱ्यांमधला हा फरक नकाशावर रंगीत पट्ट्यांनी उमटतो. ढग, काळोख आड येत नाहीत. दाट झाडीत मात्र हिशेब बिघडतो. शिवाय जमीन उपग्रहापासून लांब गेली की जवळ आली, एवढंच यातून कळतं. उत्तर-दक्षिण सरकली तर जवळजवळ पत्ताच लागत नाही. म्हणून भिंतीवरची मापकं आजही लागतात.

जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, अवजड बांधकामं टाळा, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावलं होतं. इस्रोचा अहवाल तर प्रसिद्ध होताच संकेतस्थळावरून काढला गेला. घबराट पसरू नये म्हणून म्हणे! ज्यांची घरं तडकली होती त्यांना घाबरायला अहवालाची गरज नव्हती.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागी परततो. त्याची एक लहर २४ सेंटीमीटरची, झाडीतून बऱ्यापैकी पार जाणारी. त्याच्या नोंदी सर्वांना मोफत खुल्या ठेवायचं धोरण आहे. तेव्हा असा नकाशा विद्यापीठातला एखादा विद्यार्थीही काढू शकेल.