आजारपणात बुडणारी मजुरी आणि मानव विकास

बंगळुरू : फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये कोरमंगला येथील एका सदनिकेतून झाली. स्टार्टअप कंपन्यांमुळे देशभर परिचित झालेल्या या भागात आज खाद्यपदार्थ आणि किराणा घरपोच देणारे दुचाकीस्वार रस्तोरस्ती दिसतात. त्यांची कमाई प्रत्येक फेरीवर ठरते. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय याच परिसरात आहे. मात्र तापाने अंथरूण धरलेल्या कामगारापुढे उपचारांइतकाच बुडालेल्या मजुरीचाही प्रश्न असतो.

काय मोजले जाते?

पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने मांडलेला मानव विकास निर्देशांक संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न हे त्याचे तीन घटक आहेत. २०२५ च्या अहवालात भारत १९३ देशांमध्ये १३० व्या स्थानी असून त्याचा निर्देशांक ०.६८५ आहे. कामाच्या ठिकाणची परिस्थिती यात थेट मोजली जात नाही. तिचा परिणाम मात्र तिन्ही घटकांवर होतो. आजारपणात कमाई थांबली की उपचार लांबतात, कर्ज वाढते आणि मुलांच्या शाळेचा खर्चही पेलवेनासा होतो.

संरक्षणातील दरी

कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला आवश्यक अटी पूर्ण केल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. गिग कामगारांना कंपन्या कर्मचारी नव्हे, तर भागीदार मानतात. त्यामुळे ते या लाभापासून वंचित राहतात. नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यांना प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत सामावून घेण्याची घोषणा केली. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. बुडालेली मजुरी मात्र भरून मिळत नाही.

कर्नाटकचा कायदा

कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि तक्रार निवारणाची तरतूद आहे. कामगाराला दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के इतके कल्याण शुल्क कंपन्यांकडून वसूल करता येते. या निधीतून आजारपणाच्या दिवसांत उत्पन्नाला आधार मिळाला, तरच उपचार आणि उपजीविका यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ कामगारावर येणार नाही.