साथीचा वेग मोजणारी वीस वर्षं

२००३ च्या सार्स साथीनंतर वर्षभरात वालिंगा आणि ट्यूनिस या संशोधकांनी एक पद्धत मांडली. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, तो ‘आर’ केवळ लक्षणांच्या तारखांवरून काढायचा. एकाच्या वर गेला तर साथ चढती, खाली आला तर उतरती. पद्धत चोख होती, पण आजच्या रुग्णाने किती जणांना आजार दिला हे कळायला पुढचे रुग्ण नोंदले जाईपर्यंत थांबावं लागे. ऐन साथीत हे वरातीमागून घोडंच.

(एकाचा हा उंबरठा जुना आहे. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी तो गणितात मांडला, तेव्हा पडताळ्याला घेतले होते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे साप्ताहिक मृत्यू.)

२०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या अ‍ॅन कोरी आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. आज आलेल्या रुग्णांना लागण देऊ शकतील असे मागचे रुग्ण किती? लागणीला जितके दिवस झाले, त्यानुसार प्रत्येकाला वजन द्यायचं, बेरीज करायची आणि आजच्या आकड्याला तिने भागायचं. एका दिवसाचा आकडा लहरी, म्हणून सहसा आठवडा एकत्र धरायचा. यासाठी त्यांनी लिहिलेलं एपिएस्टिम हे सॉफ्टवेअर मोफत तर होतंच, शिवाय त्याची एक्सेलमध्ये चालणारी आवृत्तीही दिली होती. मला त्यातला खरा शहाणपणा तिथेच दिसतो. साथीत आकडे भरणाऱ्या माणसासमोर बहुधा एक्सेलच उघडलेलं असतं.

कोविडमध्ये हा आकडा घरोघरी पोचला. एप्रिल २०२० मध्ये जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर मर्केल यांनी पत्रकारांना समजावलं: आर १.१ झाला तर ऑक्टोबरमध्ये, १.३ झाला तर जूनमध्येच देशातली रुग्णालयं अपुरी पडतील. दशांशाचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण क्वचितच एखाद्या राजकारण्याने दिलं असेल.

दुखणं मात्र आकड्यांच्या नोंदीत होतं. निम्मेच रुग्ण सापडले तरी बिघडत नाही, ते प्रमाण टिकलं तर. भागाकारात ते उडून जातं. पण चाचण्या अचानक वाढल्या की साथ जागेवर असूनही आर उसळी घेतो. रविवारी नोंदी रोडावतात. अहवाल उशिरा येतात, त्यामुळे शेवटच्या काही दिवसांचा आर खोटाच सुखद दिसतो. लंडनमध्येच २०२० साली लिहिलेलं एपिनाऊ२ हे सॉफ्टवेअर हा उशीर हिशेबात धरू लागलं. चाचण्याच कमी झाल्यावर काय, यावर झुरिच आणि सॅन होजेच्या सांडपाण्यातल्या विषाणूच्या मोजणीवरून आर काढून पाहिला गेला; २०२२ च्या त्या अभ्यासात तो रुग्णसंख्येवरून काढलेल्या आकड्याशी बराच जुळला. २०२३ च्या सुरुवातीला ब्रिटनने कोविडचा आर जाहीर करणं थांबवलं.