मूतखड्याचा जिवाणू आणि तेलांची जोडी

मूतखडा म्हटले की कॅल्शियमचा खडा डोळ्यांसमोर येतो, आणि बहुतेक खडे तसेच असतात. पण काही खडे जिवाणूंमुळे होतात. त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासून ते बनतात.

यातला मुख्य जिवाणू प्रोटियस मिराबिलिस. तो युरिएज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, तयार करतो. युरिएजमुळे लघवीतला युरिया फुटून अमोनिया सुटतो, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार गोठू लागतात. असा खडा झपाट्याने वाढतो आणि मूत्रपिंडाच्या पोकळीत सांबराच्या शिंगासारख्या फांद्या फोडतो. जिवाणू खड्याच्या आत दडून बसतात. तिथे अँटिबायोटिक पुरेसे पोचत नाही, म्हणून उपचारानंतरही संसर्ग परत येतो. वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे संशोधकांचे लक्ष जाते ते यामुळे. दोन तेलांची जोडी खरोखर कामाची आहे का, हे प्रयोगशाळेत कसे ठरवतात ते आपण क्रमाने पाहू.

पहिले काम तेल ओळखण्याचे. समजा, आपण ओवा आणि लवंग निवडले. ओव्याच्या तेलात प्रामुख्याने थायमॉल असते, लवंगेच्या तेलात युजेनॉल. दोन्ही जिवाणूच्या बाहेरच्या पटलाला इजा करतात. पण वाण, जमीन, काढणीची वेळ यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने, तेल तपासून घ्यावे लागते. बाटलीवरचे नाव पुरेसे नाही.

पुढची पायरी तेल पाण्यात मिसळण्याची. इथे अनेक प्रयोग बिघडतात. जिवाणू वाढतात पाणीदार पोषकद्रवात, आणि तेल त्यात न मिसळता वेगळे राहते. मग काही जिवाणूंना तेल भरपूर मिळते, काहींना मिळतच नाही. यासाठी ट्वीन ८० सारखा मिसळक अगदी थोडा घालतात. मात्र प्रयोगाच्या ताटलीत नुसता मिसळक घातलेली एक खळगी, म्हणजे द्रव ठेवायचा छोटा खड्डा, सोबत ठेवलीच पाहिजे. नाहीतर जिवाणू तेलाने थांबले की मिसळकाने, हे कळणार नाही.

मग प्रत्येक तेलाची किमान रोधक मात्रा काढतात, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत तेल दर खळगीत निम्मे करत नेतात, जिवाणू ठरावीक संख्येने सोडतात आणि ताटली साधारण एक दिवस ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. तेलामुळे द्रव आधीच गढूळ दिसतो, त्यामुळे नजरेवर विसंबू नये. रेझाझुरिन हा निळा रंग घातला की जिवंत जिवाणू तो गुलाबी करतात. शिवाय ही तेले उडून जाणारी आहेत. ताटली नीट बंद केली नाही तर एका खळगीतली वाफ शेजारच्या खळगीतले जिवाणूही थांबवते आणि आकडे फसवे येतात.

आता जोडी. ताटलीवर एक तेल आडवे कमी करत जातात, दुसरे उभे. त्यामुळे प्रत्येक खळगीत वेगळे मिश्रण मिळते. समजा, एकटे ओव्याचे तेल दर मिलिलिटरला २ मायक्रोलिटर लागते आणि लवंगेचे ४. एकत्र वापरल्यावर ०.५ आणि १ एवढ्यावर भागले. एकट्याने लागणाऱ्या मात्रेच्या तुलनेत प्रत्येकाचा वाटा पाव, म्हणजे ०.२५, बेरीज ०.५. बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तरच जोडी एकमेकांना बळ देते असे मानतात. ४ च्या वर गेली तर तेले एकमेकांना मारक ठरतात. अधल्यामधल्या आकड्याला बळ म्हणू नये. दर खळगीत मात्रा निम्मी होत असल्याने एका खळगीचा फरक सहज पडतो, म्हणून प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहावा लागतो.

वाढ थांबली एवढे पुरत नाही. युरिएज चालू आहे का, लघवीसारख्या द्रवात अल्कता वाढते का, स्फटिक बनतात का, हेही तपासावे लागते. माझ्या मते मूतखड्याच्या बाबतीत खरी परीक्षा हीच, कारण खडा वाढतो तो या क्रियेमुळे.

आणि ताटली म्हणजे मूत्रपिंड नव्हे. पोटात गेलेल्या थायमॉलचे रूप शरीर बदलते आणि ते मुख्यतः सल्फेट व ग्लुकुरोनाइड या जोडरूपांत लघवीतून बाहेर पडते. ताटलीत जिवाणू मारणारे मूळ थायमॉल लघवीत तेवढ्या प्रमाणात पोचतच नाही. उलट शुद्ध तेल घातक ठरू शकते. लवंगेचे थोडे तेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. जेवणातला ओवा-लवंग वेगळा, बाटलीतला अर्क वेगळा.

तेव्हा कृपया मूतखड्यासाठी सुगंधी तेल पिऊ नका, कुणाला सुचवूही नका. वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर लघवीचे कल्चर करून घ्या आणि निघालेला खडा तपासणीला द्या. खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.