प्राण्यांना झोप का लागते ?

झोपलेल्या प्राण्याला चरता येत नाही, पिलांची राखण करता येत नाही आणि शत्रू आल्यास वेळीच पळताही येत नाही. अशी घातक अवस्था उत्क्रांतीच्या ओघात नाहीशी व्हावयास हवी होती. परंतु ती टिकून राहिली. इतकेच नव्हे, तर मेंदूच नसलेल्या एका समुद्री जेलीफिशमध्येही झोपेसारखी अवस्था असल्याचे २०१७ साली आढळून आले. एवढा धोका पत्करूनही जी गोष्ट टिकते, तिचा लाभ मोठाच असला पाहिजे.

झोपेत शक्तीचा व्यय कमी होतो, शरीराची झीज भरून निघते व शिकलेले मेंदूत पक्के होते. प्रयोगात सतत जागे ठेवलेले उंदीर काही आठवड्यांतच दगावले. झोपमोड झालेल्या मधमाशीचे, फुलोऱ्याची दिशा दाखविणारे नृत्य कमी अचूक होते, असे २०१० साली दिसून आले.

झोप टाळता येत नाही म्हणून प्रत्येक प्राण्याने ती आपल्या परिस्थितीशी जुळवून घेतली आहे. थव्याच्या कडेचे बदक एक डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूने झोपते. घोडा उभ्यानेच डुलकी घेतो. गाय चोवीस तासांत सुमारे ४ तासच झोपते. मात्र आणखी कित्येक तास ती रवंथ करीत पेंगत असते. तिची गाढ झोप थोड्या थोड्या वेळाचीच असते. त्या झोपेत मानेचे स्नायू सैल पडत असल्याने ती बसून, मान वळवून डोके कुशीवर टेकविते. बसावयास जागा नसेल, तर ही झोप तिला मिळतच नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनी गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी, खाली पाचट किंवा भुसा अंथरावा आणि जनावरास बसून मान वळविता येईल इतके दावे लांब ठेवावे. दुभत्या गाईस दिवसाकाठी १० ते १२ तास बसावयास मिळाले पाहिजे. अंड्यांवरील कोंबड्यांच्या खुराड्यात दिवा लावावयाचा झाल्यास दिवसाच्या उजेडासह एकूण प्रकाश १६ तासांहून अधिक होऊ देऊ नये. उरलेला वेळ पूर्ण काळोख असावा. वैरण व पाणी यांइतकीच विश्रांतीही जनावराची गरज होय.